बीट आधी तोंडाने वाजवा, लॅपटॉप नंतर उघडा: खलबत्त्यातून पहिली ओरिजिनल बीट

ओळखीतली पोरं विचारतात, दादा बीट बनवायचीय, म्हणजे रॅपखाली वाजणारं संगीत, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ, आणि मी प्रत्येकाला आधी एकच सांगतो की तुझ्या डोक्यात जी बीट आहे ती मला तोंडाने वाजवून दाखव. बहुतेक जण तिथेच अडखळतात, आणि यात त्यांचा दोष नाही, कारण आजकाल सुरुवातच लूपपासून, म्हणजे परत परत वाजणाऱ्या तयार तुकड्यापासून होते. नेटवरून एक मेलडी लूप घ्यायचा, त्याखाली तयार ड्रम लूप टाकायचा, अर्ध्या तासात काहीतरी भारी वाजायला लागतं आणि वाटतं झाली बीट. पण ती तुमची नसते. तोच लूप अजून कितीतरी जणांनी उचललेला असतो आणि कधी ना कधी ते आडवं येतंच.

माझं तेच झालं होतं. माझ्या एका मित्राने माझ्या बीटवर रॅप लिहिला, आठ-दहा रात्री जागून, ड्युटीवरून येऊन लिहायचा तो, आणि गाणं अपलोड केल्यावर तिसऱ्या दिवशी कॉपीराइटचा क्लेम आला. मी जो लूप फ्री म्हणून घेतला होता तोच कोणीतरी आधी स्वतःच्या गाण्यात वापरून स्वतःच्या नावावर नोंदवून ठेवला होता. भांडलो, मेल पाठवले, काही झालं नाही. मित्राची मेहनत अडकली ती माझ्यामुळे. त्या दिवसापासून ठरवलं की ड्रमचे सुटे आवाज बाहेरचे चालतील पण चाल, सूर आणि किमान एक आवाज माझा स्वतःचाच पाहिजे. खाली जे सांगतोय ते त्याच पद्धतीने, एक पूर्ण बीट, सुरुवातीपासून फाइल पाठवेपर्यंत. एका रविवारात होते.

सामानाचं पटकन उरकतो. फोन असेल तर बँडलॅब घ्या, फुकट आहे. आयफोन किंवा मॅक असेल तर गराजबँड, तेही फुकट. विंडोजवर एलएमएमएस फुकट आहे, किंवा एफएल स्टुडिओचं ट्रायल घ्या, फक्त लक्षात ठेवा की ट्रायलमध्ये प्रोजेक्ट सेव्ह होतो पण विकत घेतल्याशिवाय परत उघडता येत नाही, म्हणजे बसल्या बैठकीत संपवून एक्सपोर्ट करायचं. कुठलंही एक घ्या आणि सहा महिने बदलू नका, सगळ्यांमध्ये ठोके टाकायचे तेच १६ चौकोन आणि सूर टाकायचा तोच पियानो रोल असतो. एका गोष्टीवर मात्र मी अडून बसतो, इअरफोन वायरचे पाहिजेत. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोचतो, १०० ते २०० मिलिसेकंद सहज जातात. ९० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला ९० ठोके धरले तर, एक चौकोन, म्हणजे मात्रेचा चौथा भाग, जेमतेम १६७ मिलिसेकंदांचा असतो. म्हणजे तुम्ही बरोबर ठिकाणी पॅड दाबला तरी कानाला तो जवळजवळ एक घर पुढे ऐकू येणार, आणि मग तुम्हाला वाटणार की आपल्याला तालच नाही. चांगली पोरं या एका कारणामुळे सोडून देताना बघितलीत मी.

आता टेम्पो. रॅपसाठी ८५ ते ९५ बीपीएम आरामात जातं, ट्रॅप १४० ला लिहितात पण मान त्याच्या निम्म्याने डोलते, हाऊस १२० ते १२८. आपण ९० घेऊ. जिना निवांत उतरताना पाय पडतात साधारण तसे.

लॅपटॉप अजून बंदच ठेवा. मांडीवर हात ठेवा आणि १६ मोजा, चार चारचे चार गट. शाळेत किंवा भजनात कधी तबल्याशेजारी बसला असाल तर हे ओळखीचं वाटेल कारण तीनतालाच्याही १६ च मात्रा आणि चार चारचे चारच विभाग. तीनतालात टाळी कुठे पडते, १ वर, ५ वर आणि १३ वर, आणि ९ वर खाली, म्हणजे टाळी न देता हात मोकळा. आता कुठलीही हिपहॉप बीट ऐका, स्नेअर म्हणजे तो टक आवाज कुठे बसतो, ५ वर आणि १३ वर. दोन वेगळ्या दुनियांमधल्या गोष्टी आहेत, एकातून दुसरी आली असं माझं म्हणणं अजिबात नाही, आणि तीनतालाच्या मात्रा आणि हे चौकोन लयीच्या हिशोबात एकच असंही नाही. पण हाताला टाळीची सवय असेल तर स्नेअर कुठे टाकायचा हे वेगळं शिकावं लागत नाही एवढं नक्की. मला स्वतःला हे कळलं तेव्हा एकदम मोकळं वाटलं होतं, कारण तोपर्यंत मी व्हिडिओ बघून चौकोन कॉपी करत होतो, का ते माहीत नसताना.

मग तोंडाने म्हणा. किक म्हणजे तो जड खालचा ठोका, त्याला धूम, स्नेअरला टक, रिकाम्या घराला नुसता श्वास:

धूम – – – | टक – – धूम | – – धूम – | टक – – –

म्हणजे धूम १, ८ आणि ११ वर, टक ५ आणि १३ वर. मुद्दाम ९ वर किक ठेवली नाही. नवीन माणूस हमखास १ आणि ९ वर किक ठेवतो आणि मग बीट बँडबाजासारखी सरळ चालते. ९ रिकामी सोडली, आणि तिच्या एक घर आधी ८ वर धूम पडला, की ऐकणाऱ्याचं शरीर त्या रिकाम्या जागेत स्वतः झुकतं. खालीची गंमत तीच आहे ना, तिथे काहीतरी काढून घेतलंय हे कानाला कळतं. वीस-पंचवीस वेळा म्हणा, भांडी घासताना म्हणा, बसमध्ये मनात म्हणा. कंटाळा न येता चालत राहिली तर चाल चांगली आहे. तिसऱ्यांदा म्हणताना तोंड आपोआप कुठेतरी वेगळं वळलं, समजा शेवटच्या चारमध्ये एक जास्तीचा धूम आला, तर तो ठेवा. ते वळण तुमचं आहे, ते तयार आवाजांच्या कुठल्याच पॅकमध्ये नसतं. फोनच्या रेकॉर्डरवर हे बोल रेकॉर्ड करून ठेवा, कारण लॅपटॉप उघडला की दहा मिनिटांत विसरायला होतं.

आता आवाज. किक आणि हायहॅट, म्हणजे तो झांजेसारखा चिकचिक आवाज, तुमच्या ॲपमध्ये आहेत तेच घ्या, त्यात लाज वाटायचं काही नाही. पण टक मात्र घरातून आणायचा. मी माझ्या बीटसाठी आजीचा पितळी खलबत्ता घेतला, तुमच्याकडे जे असेल ते घ्या, लाकडी पाट, स्टीलचा डबा, कुकरचं झाकण, रिकामा पाण्याचा पिंप, शेकरसाठी डब्यात मूठभर तांदूळ. खलबत्त्याचं असं आहे की तो तीन वेगळे आवाज देतो. बत्ता आतल्या तळावर मारला की बसका ठोका येतो, काठावर मारला की लांब घुमणारा टण्ण, आणि आत थोडे मिरे ठेवून रगडला की खरखर, जी हायहॅटच्या जागी चालते. खाली जाड गोधडी ठेवून रेकॉर्ड केलं तर टण्ण मोकळा वाजतो, सरळ ओट्यावर ठेवलात तर ओटाच जास्त वाजतो.

रेकॉर्ड करताना पंखा बंद, फ्रिज असलेल्या खोलीत नको, बाथरूममध्ये तर नकोच, कारण तिथला घुमारा आवाजात बसला की नंतर काढता येत नाही, घुमारा आपल्याला नंतर हवा तेवढा घालता येतो. कपड्यांचं कपाट उघडं टाकून त्याच्यासमोर बसा, कपडे आवाज खातात. फोन एक हात लांब, थोडा तिरका. अगदी जवळ ठेवला तर आवाज फाटतो. रेकॉर्डर ॲपमध्ये आवाज आपोआप स्वच्छ करणारं सेटिंग असेल तर ते बंद करा, कारण ते माणसाच्या बोलण्यासाठी असतं आणि खलबत्त्याच्या ठोक्यामागे घुमत राहणारी शेपटी ते गोंगाट समजून कापून टाकतं. दहा-पंधरा ठोके मारा, हलके, जोरात, मधले. त्यातले तीन निवडा.

इथे एक काम फार काळजीने करायचं. ते सॅम्पल, म्हणजे रेकॉर्ड केलेले ठोके, ॲपमध्ये टाका, झूम करा, आणि जिथे लाट उठायला सुरुवात होते बरोबर तिथे कापा. आधी थोडी जरी शांतता राहिली तरी तुमचा टक प्रत्येक वेळी मागे पडणार आणि तुम्ही कारण शोधत बसणार. मग पिच, म्हणजे सुराची उंची, खाली आणा. माझा खलबत्ता मूळ आवाजात देवळातल्या छोट्या घंटेसारखा वाजत होता, सात सेमीटोन, म्हणजे काळ्या-पांढऱ्या मिळून सात पट्ट्या, खाली आणला तर एकदम जड झाला, शेपटी लांबली, आणि त्याच्याखाली ॲपमधला साधा क्लॅप हळू आवाजात ठेवला तर असा टक मिळाला की जो मी आजपर्यंत दुसऱ्या कुठल्या बीटमध्ये ऐकलेला नाही. आजी हयात नाही आता. तो आवाज आहे.

गावाकडे हलगीवाले, संबळवाले ओळखीचे असतील तर त्यांच्याकडे जा. हलगी वाजवण्याआधी विस्तवावर शेकतात, कातडं ताणलं की आवाज चढतो, तेव्हा शेकण्याआधी आणि शेकल्यावर दोन्ही रेकॉर्ड करा, दोन वेगळी वाद्यं मिळाल्यासारखं होतं. पण विचारून घ्या, पैसे द्या, आणि गाण्याच्या खाली त्यांचं नाव टाका. सॅम्पल या गोंडस शब्दाखाली माणसाची कला फुकट उचलायची नाही, यावर मी ठाम आहे.

आता उघडा लॅपटॉप. टेम्पो ९०, १६ घरांचा पॅटर्न, १, ८, ११ वर किक, ५ आणि १३ वर तुमचा टक. हायहॅट आधी विषम घरांवर टाका, १, ३, ५ असं १५ पर्यंत. वाजवा. बरोबर असेल पण मेल्यासारखं वाटेल. दोन कारणं आहेत.

पहिलं म्हणजे सगळे ठोके सारख्या जोराचे आहेत. ढोलकीवाल्याच्या हाताकडे बघा कधी, लागोपाठचे दोन चाट तो सारखे मारतच नाही. सॉफ्टवेअरमध्ये या जोराला व्हेलॉसिटी म्हणतात, ० ते १२७. हॅटला १००, ६०, ८५, ५० असं चढउतार द्या, परत तेच, आणि एखादा ठोका जवळजवळ न ऐकू येण्याइतका, ३० वर. टक मात्र दोन्ही दणकून ठेवा.

दुसरं कारण म्हणजे सगळं मोजपट्टीवर बसलंय. यासाठी स्विंग नावाचं बटण असतं. रॉजर लिन नावाच्या माणसाने ड्रम मशीनमध्ये हे आणलं, अकाई कंपनीच्या १९८८ च्या एमपीसी ६० मध्येही त्याचंच डोकं होतं, ते १६ रबरी पॅडवालं यंत्र ज्याच्यावर हिपहॉपचे कितीतरी लोक घडले. स्विंग ५० टक्के म्हणजे सरळ. वाढवलं की सम घरं, म्हणजे २, ४, ६ वगैरे, थोडी उशिरा पडतात. ५८ टक्क्यांना ९० बीपीएमवर हा उशीर होतो साधारण २७ मिलिसेकंद, डोळ्याची पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो, तरी कानाला लगेच कळतं की चाल ढिली आणि गोड झाली. ६६ ला गेलात की तिहेरी झुलती चाल लागते, दादऱ्याच्या जवळची. मी ५६ ते ५८ मध्ये थांबतो. काही ॲपमध्ये ५० ऐवजी ० पासून मोजतात, तेव्हा आकड्यावर न जाता कानाने ठरवा. विषम घरांवरच्या हॅटला स्विंगचा फरक पडत नाही, तेव्हा दोन-तीन सम घरांवर हलके हॅट टाका, ८ वर आपली किक आहेच, मग झोल जाणवेल. डेट्रॉइटचा जे डिला, जो २००६ मध्ये गेला, तो तर बऱ्याचदा पॅड हाताने वाजवून ते जिथे पडले तिथेच ठेवायचा. त्याच्यासारखं करायला हात तयार लागतो, पण एक प्रयोग करा, फक्त टक हाताने वाजवून रेकॉर्ड करा आणि दुरुस्त करू नका.

सुरांकडे येऊ. इथे बहुतेक जण घाबरतात कारण कॉर्ड, स्केल, मायनर मेजर असं सगळं एकदम अंगावर येतं. मी एक सोपी वाट सांगतो, फक्त काळ्या पट्ट्या वापरा. पियानो रोलमध्ये डाव्या बाजूला पट्ट्या दिसतात, काळ्या पाच. पेटी शिकलेल्यांना माहीत असेल, काळी १, काळी २ असं म्हणतात. या पाच सुरांतला कुठला सूर सा मानता त्यावर वेगळा संच तयार होतो. काळी १ ला सा धरलात तर दुर्गाचे सूर, काळी २ ला धानीचे, काळी ३ ला भूपाचे, काळी ४ ला मधमाद सारंगाचे आणि काळी ५ ला मालकंसाचे. सूर तेच पाच, घर बदललं की माणूस बदलतो. राग म्हणजे नुसते सूर नव्हेत, चलन, ठेहराव सगळं आलं त्यात, तेव्हा असा संच घेतला म्हणून आपण राग वाजवला असं म्हणायचं नाही. पण नवख्याला चुकीचा सूर लागायची भीती या पाच पट्ट्यांत राहत नाही, आणि हे फार मोठं काम होतं.

रॅपच्या बीटला मला काळी ५ आवडते, ए शार्प. मालकंसाचे सूर सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी. यात पंचम नाहीच, म्हणून मालकंस गाताना तानपुऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी मध्यमात लावतात. तेच आपण करायचं. कुठलाही मऊ पॅडचा आवाज घ्या, इथे पॅड म्हणजे दाबायचं बटण नाही, लांब धरून ठेवायचा मऊ आवाज, आणि सा आणि म दोनच सूर एकत्र लांब धरा, म्हणजे ए शार्प आणि डी शार्प, पूर्ण चार बार, बार म्हणजे आपल्या १६ घरांचं एक आवर्तन. आवाज अगदी खाली. एवढ्यानेच खोलीत अंधार झाल्यासारखं वाटतं, कॉर्डचं पुस्तक उघडावं लागत नाही.

त्यावर मेलडी. परत आधी तोंडाने, पॅड चालू ठेवून गुणगुणा, आणि जे आलं ते शोधून पियानो रोलमध्ये टाका. मी पहिल्या बारमध्ये सा १ वर, ग ७ वर, सा ११ वर आणि दुसऱ्या बारमध्ये म १ वर, ग ७ वर आणि खालचा नी ११ वर ठेवला होता. सहा सूर, दोन बार. यापेक्षा जास्त नको, कारण या बीटवर कोणीतरी बोलणार आहे, शब्दांना जागा पाहिजे. मेलडी एकटी ऐकताना थोडी अपुरी वाटली पाहिजे, रॅपर आला की ती पुरी होते. आवाज कुठला घ्यायचा तर पियानोपासून लांब रहा, सगळेच तो घेतात, बासरी किंवा घंटेसारखा एखादा घ्या, नाहीतर खलबत्त्याचा तो टण्ण सॅम्पलरमध्ये, म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाज पट्ट्यांवर वाजवणाऱ्या साधनात, टाकून त्याच्यावरच मेलडी वाजवून बघा.

बेससाठी सगळे ८०८ म्हणतात ते काय ते थोडक्यात. रोलंड कंपनीने १९८० मध्ये टीआर-८०८ नावाचं ड्रम मशीन काढलं, साधारण १२,००० विकली गेली आणि १९८३ मध्ये बंद झालं. त्याचे आवाज खऱ्या ड्रमसारखे वाटत नव्हते म्हणून ते चाललं नाही, मग सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळायला लागलं आणि ज्यांच्याकडे पैसे नव्हते अशा पोरांच्या हातात पडलं, आणि त्याची ती लांब घुमणारी किक जगभर झाली. आपल्या मुंबईतही सिनेमाच्या गाण्यांत वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये हेच ८०८, सोबत रोलंडचेच टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ हे सिंथेसायझर घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले होते, तेव्हा फारसं कोणी लक्ष दिलं नाही, २०१० मध्ये ते पुन्हा प्रकाशित झालं तेव्हा जगभरचे लोक थक्क झाले. यंत्र तेच, पण त्यावर आपलं काय वाजवायचं हे त्यांना ठाऊक होतं.

तर ८०८ चा बेस घ्या आणि किक जिथे आहे तिथेच ठेवा, १, ८, ११, सूर सा, खालचा ए शार्प, जो ५८ हर्ट्झच्या आसपास असतो. दुसऱ्या बारच्या शेवटी एकदा खालच्या नीवर उतरा, बस. आता अडचण अशी की फोनच्या स्पीकरवर ५८ हर्ट्झ वाजतच नाही, तुमच्या इअरफोनमध्ये छाती हलेल आणि मित्राच्या फोनवर बेस गायब. उपाय म्हणजे बेसवर थोडं सॅच्युरेशन किंवा डिस्टॉर्शन लावा. त्याने त्याच सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वरचे स्वर जागे होतात, ११७, १७५, २३३ हर्ट्झ असे, ते छोट्या स्पीकरवर ऐकू येतात आणि कान खालचा सूर स्वतः भरून घेतो. आणि किकच्या आवाजाची शेपटी आखूड करा, म्हणजे किक आणि बेस एकमेकांवर चढत नाहीत.

इथपर्यंत दोन बारचं एक चक्र झालं आणि आता जी चूक होते ती बघा, माणूस तेच चक्र दोन तास ऐकत बसतो आणि त्यात भर घालत बसतो. नवा पॅड, नवी घंटा, नवा इफेक्ट. थांबा. गाणं घडतं ते काढून घेतल्याने. ९० बीपीएमला एक बार २.६७ सेकंदांचा. सुरुवात ४ बार, कडवं १६, हूक म्हणजे परत परत येणारं धृपद ८, कडवं १६, हूक ८, शेवट ४, झाले ५६ बार, साधारण अडीच मिनिटं. सगळीकडे सगळं पसरवा आणि मग खोडायला घ्या. सुरुवातीला फक्त पॅड आणि दुरून खलबत्ता. पहिल्या कडव्याच्या पहिल्या ४ बारमध्ये बेस नाही, पाचव्या बारला तो येतो तेव्हा रॅपर काहीही न करता टाळ्या मिळवतो. हूकमध्ये सगळं. दुसऱ्या कडव्यात मेलडी काढा, नुसते ड्रम आणि बेस. शेवटी परत पॅड.

एका भागातून दुसऱ्या भागात जाताना सगळे तो वर चढत जाणारा सूंऽऽऽ असा आवाज टाकतात. आपल्याकडे याहून चांगली चीज आहे, तिहाई. एक छोटा तुकडा तीनदा वाजवायचा आणि तिसऱ्याचा शेवटचा ठोका बरोबर समेवर, म्हणजे पुढच्या बारच्या १ वर. तुकडा घेऊ टक टक धूम, तीन घरांचा, दोन तुकड्यांमध्ये दोन घरं रिकामी. मग हिशोब असा बसतो: पहिला ५, ६, ७ वर, दुसरा १०, ११, १२ वर, तिसऱ्याचे टक टक १५, १६ वर आणि धूम पुढच्या बारच्या १ वर. त्या बारमधले बाकी किक, टक आणि हॅट काढून टाका, बेसही थांबवा, नुसती तिहाई ऐकू येऊ द्या. पहिल्यांदा बरोबर बसली ना की अंगावर काटा येतो, आणि ज्याला तिहाई म्हणजे काय हे माहीत नाही त्यालाही समेवर मान हलवावीशी वाटते. प्रत्येक १६ बारला एकदाच वापरा, सारखी आली की तिचा धाक जातो.

मिक्सिंगवर फार बोलत नाही, पहिल्या बीटला चार गोष्टी पुरतात. सगळे फेडर, म्हणजे प्रत्येक ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करायच्या दांड्या, खाली करा, आधी किक आणा, मग टक, मग बेस, मग बाकी, आणि मास्टरचा, म्हणजे सगळ्या ट्रॅकच्या एकत्र आवाजाचा, मीटर उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. पॅड आणि मेलडीचे १५० हर्ट्झच्या खालचे आवाज कापून टाका, तो भाग बेसचा. घुमारा फक्त मेलडी आणि टकवर, बेसवर कधीच नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, कान ताजे असताना, फोनच्या स्पीकरवर हळू आवाजात ऐका. बेस सोडून, हळू आवाजात जे ऐकू येत नाही ते बहुधा कमी आहे.

हक्कांचं नीट वाचा. कितीतरी जण सांगतात की सात सेकंद कुठलंही गाणं वापरलं तर चालतं. आपल्या कायद्यात असं सेकंदांचं काही नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार रेकॉर्डिंगवरचा हक्क ते प्रकाशित झाल्यापासून ६० वर्षं राहतो, आणि शब्द आणि चालीवरचा हक्क ते करणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्यानंतर ६० वर्षं. पारंपरिक गोंधळाची किंवा ओवीची चाल सगळ्यांची असू शकते, पण ती कोणी गाऊन रेकॉर्ड केली असेल तर ते रेकॉर्डिंग त्यांचं किंवा त्यांच्या कंपनीचं असतं. चाल आवडली असेल तर घरी आईकडून, आत्याकडून म्हणून घ्या, त्यांना विचारून रेकॉर्ड करा.

आणि बीट दुसऱ्याला देताना, मित्र असला तरी, लिहून द्या. एकट्याला दिली की अजून कोणाला देणार, पैसे किती, नाव कुठे येणार, गाण्यातून कमाई झाली तर वाटा किती. साध्या मेलवर चार ओळी लिहिल्या आणि त्याने होय असं उत्तर दिलं तरी नंतर तोंडं फिरवायची वेळ येत नाही. खलबत्त्याच्या मूळ रेकॉर्डिंगची फाइल आणि तोंडाने म्हटलेल्या बोलांची फाइल, दोन्ही तारखेसकट जपून ठेवा, उद्या कोणी क्लेम टाकला तर ही बीट कशी जन्मली हे दाखवायला तेच कामी येतं.

एक्सपोर्ट करताना वेव्ह फाइल, ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिट. ऐकायला पाठवायची तर ३२० ची एमपीथ्री पुरे. रॅपरला देताना प्रत्येक ट्रॅक सुटासुटा पण एक्सपोर्ट करा, सगळे पहिल्या बारपासून सुरू होणारे, म्हणजे तो कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये टाकून जुळवू शकतो. दोन ठिकाणी कॉपी ठेवा, एक ड्राइव्हवर, एक पेनड्राइव्हमध्ये. आणि फाइलला फायनल, फायनल २, नवीन फायनल असली नावं देऊ नका, समोरच्याला उघडण्याआधी कळलं पाहिजे की आत काय आहे. माझ्या त्या फाइलचं नाव अजून तेच आहे: आजीचा खलबत्ता, ९०, काळी ५.